कोळसा दारावरून जातो, घरात येत नाही

मित्रांनो, पोस्ट मोठी आहे. चहा घेऊन बसा.

मागच्या आठवड्यात तिरोडा तालुक्यातला एक पोरगा घरी आला. आयटीआय झालेला, तीन-चार वर्षं बाहेर कंपनीत काम करून परत आलेला. हातात वही होती. म्हणाला, "भाऊ, तुम्ही पेपरवाले, तुमाले जुनं माहीत असते. एकदा हिशेब पाहून सांगा ना जी."

हिशेब असा होता. जुना छोटा हत्ती फायनान्सवर घ्यायचा. नागपूरकडून दगडी कोळसा आणायचा, वीस-वीस किलोच्या चुंगड्या भरायच्या आणि हिवाळ्यात घरोघरी शेगडीसाठी विकायच्या. चहाटपरी, धाबा, इस्त्रीवाला हे बारमाही गिऱ्हाईक. डाउन पेमेंटसाठी आईने पाटल्या काढून दिल्यात.

कल्पना हवेतली नाही. विदर्भात सर्वात कमी तापमान गोंदियाचं, ही बातमी आम्ही दर हिवाळ्यात दोन-चारदा तरी लिहितो. कोळसाही डोळ्यासमोर आहे. रात्री फाटकावर उभं राहिलं की मालगाडीचे डबे मोजता मोजता पाय दुखतात. पोराचा प्रश्न साधा होता, "इतका कोळसा आपल्या दारावरून जाते, तर घरोघरी विकाले काय हरकत हाय?"

त्याला तिथल्या तिथे उत्तर देता आलं नाही. हा प्रश्न आजचा नाही, गोंदियात रेल्वे आली तेव्हापासूनचा आहे. म्हणून जुनं आठवलं, जुळवलं. ते इथे लिहितो. त्याच्यासाठी, आणि तशीच वही हातात घेतलेल्या इतर पोरांसाठीही.

जेव्हा जळतण विकत मिळत नव्हतं

रेल्वेच्या आधी आपल्या भागात घरच्या चुलीसाठी पैसे मोजायची रीत जवळजवळ नव्हतीच. जंगल जवळ होतं. मालगुजारीच्या काळात गावकऱ्याला स्वतःच्या गरजेपुरतं जळाऊ लाकूड, गवत, काट्या आणायची मुभा असे. त्याला निस्तार म्हणत. मालगुजारी ३१ मार्च १९५१ ला संपली, तेव्हा आपण मध्य प्रदेशात होतो. पुढे १९५६ ला मुंबई राज्यात आलो आणि १९६० ला महाराष्ट्रात. राज्यं बदलली, पण निस्तार टिकला. १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेतही निस्तारपत्रकाचं कलम आहे.

पण निस्ताराची एक बारीक गोष्ट लक्षात ठेवा. हक्क जाळायचा आहे, विकायचा नाही. घरच्या चुलीसाठी मोळी आणली तर निस्तार. तीच मोळी बाजारात उतरवली की नाकेदार आडवा. म्हणजे इंधनाच्या धंद्याला कायद्याची वेस पहिल्या दिवसापासून आहे.

लाकडी कोळसा तेव्हाही होता, पण तो घरासाठी नव्हता, कारागिरासाठी होता. लोहार, सोनार, कासार यांच्या भट्टीला तो लागे. बालाघाट-मंडल्याकडचे अगरिया लोक तर लाकडी कोळशावर दगडातून लोखंड काढत. खड्ड्यात लाकूड रचून, वर माती लिंपून, हवा कोंडून जाळलं की कोळसा पडतो. एक किलो कोळशामागे पाच-सहा किलो लाकूड जातं. घरच्या भाकरीसाठी एवढी नासाडी कोण करील?

आणि लाकडी कोळशाला कायदा आजही सोडत नाही. १९२७ च्या भारतीय वन कायद्यात वनोपजाची व्याख्या आहे. त्यात लाकडाबरोबर कोळशाचं नाव स्पष्ट लिहिलंय, जंगलातून आणलेला असो वा नसो. त्यामुळे स्वतःच्या धुऱ्यावरची बाभूळ जाळून कोळसा पाडला आणि गाडीत भरला, तरी वाहतूक परवान्याचा, म्हणजे आपल्या भाषेत टीपीचा, प्रश्न येतोच.

रेल्वे आली, कोळसा आला, पण इंजिनासाठी

१८८० च्या सुमारास नागपूरहून छत्तीसगडकडे मीटर गेजची लाइन टाकली गेली. छत्तीसगडचं धान्य बाहेर काढणं हा तिचा मुख्य हेतू. १८८७ ला बंगाल नागपूर रेल्वे कंपनी उभी राहिली. तिने ही लाइन घेतली, रुंद केली आणि पूर्वेकडे वाढवत नेली. १ फेब्रुवारी १८९१ ला नागपूर ते आसनसोल सलग मालवाहतूक सुरू झाली. आसनसोल म्हणजे राणीगंजचा कोळसा पट्टा, देशातली सर्वात जुनी खाण-वस्ती. त्या दिवसापासून आपलं गोंदिया कोळशाच्या वाटेवर आलं.

दुसरीकडे चांदा जिल्ह्यात वरोऱ्याला सरकारी खाण १८७० च्या दशकात सुरू झाली होती. तिच्यासाठीच वर्धा-वरोरा लाइन टाकली, ती १८७७ मध्ये. ही खाण १९०६ मध्ये बंद पडली, पण तोवर बल्लारपूरकडे नव्या खाणी सुरू झालेल्या होत्या.

मग आली आपली छोटी लाइन. १९०३ ते १९०५ मध्ये गोंदिया-नैनपूर-जबलपूर. १९०८ ते १९१३ मध्ये गोंदिया-नागभीड-चांदाफोर्ट. चारी दिशांना रूळ. गोंदिया जंक्शन झालं. धान, लाख, मोहफूल, तेंदूपान, लाकूड सगळं इथे उतरू लागलं, चढू लागलं. आजचं शहर त्याच्यावर उभं आहे.

पण कोळसा कोणासाठी यायचा? इंजिनासाठी. वाफेचं इंजिन कोळसा खातं आणि पाणी पितं, म्हणून जंक्शनवर कोळशाचे ढीग आणि पाण्याच्या टाक्या. शहराला त्यातलं काय मिळालं? राख.

घरगुती कोळशाचा पहिला धंदा या राखेतून उभा राहिला, असं माझं मत आहे. इंजिनाची भट्टी साफ करताना राखेबरोबर अर्धवट जळालेले खडे पडतात. ते वेचायला बाया-पोरं टोपल्या घेऊन लाइनवर जायची. देशभर रेल्वे वस्त्यांत हेच चित्र होतं. हा खडा पुन्हा चांगला जळतो, धूरही कमी करतो, कारण धुराचा भाग इंजिनात आधीच जळून गेलेला असतो. टोपलीवर विकला जायचा. भांडवल शून्य, वाहतूक डोक्यावर.

त्यात धोकाही होता. राखेतला खडा वेचणं एक आणि वॅगनमधून सांडलेला (किंवा सांडवलेला) कोळसा उचलणं दुसरं. पुढे १९६६ मध्ये रेल्वे मालमत्तेच्या बेकायदा ताब्याचा कायदाच आला. "खाली पडलेला होता साहेब" हे उत्तर त्याच्यापुढे चालत नाही. पोरा, हे तुझ्यासाठी लिहितोय. स्वस्त कोळसा दारावर आणून देणारा कोणी भेटला, तर आधी बिल माग.

टालीचे दिवस

शहर वाढलं तसं लाकूड-कोळशाची टाल आली. कोणी वखार म्हणतं. माझ्या वयाच्या लोकांना आठवत असेल. पुढे तोडलेल्या लाकडाचे ढीग, मधे लोखंडी काटा, मागे कोळसा. एका बाजूला लाकडी, दुसऱ्या बाजूला दगडी. मालक वहीत उधारी मांडणार आणि हमाल डोक्यावर पोतं घेऊन घरापर्यंत येणार. दूरच्या घरी बंडी किंवा ठेला.

सकाळी अंगणात शेगडी पेटवायची. खाली गोवरीचे तुकडे, थोडं मातीतेल, वर कोळसा. पांढरा-पिवळा धूर गल्लीभर. धूर थांबला, निखारे लाल झाले, की मगच शेगडी घरात. आधी आत आणली की आजी ओरडायची. तिला रसायनशास्त्र माहीत नव्हतं, पण नियम बरोबर होता.

धंदा दिसायला सोपा, पण नफा कुठे होता? भावात नव्हता, हाताळणीत होता. दगडी कोळसा खाणीवर चढतो, वॅगनमधून उतरतो, ट्रक-बंडीत भरतो, टालीवर पडतो. प्रत्येक वेळी फुटतो. मोठा तुकडा घरच्या शेगडीला चालतो, चुरी चालत नाही. हवा अडते, शेगडी विझते. म्हणून घेताना सरसकट भाव द्यायचा आणि विकताना चुरी अंगावर. हुशार टालवाला चुरीत शेण-माती कालवून गोळे करून विकायचा. शिवाय पावसात भिजलेल्या कोळशाचं वजन वाढतं. त्यावरून गिऱ्हाइकाशी भांडण ठरलेलं.

घरगुती कोळसा हा सरकारलाही एके काळी मोठा विषय वाटत होता. बंगाल-बिहारच्या खाणींतला सॉफ्ट कोक, म्हणजे धूर काढून टाकलेला कोळसा, लोकांनी घरात वापरावा म्हणून १९२९ मध्ये इंग्रज सरकारने खास उपकराचा कायदा केला. त्या पैशातून प्रचार व्हायचा. कारण सरळ होतं. खाणवाल्यांकडे हलक्या प्रतीचा कोळसा पडून होता आणि त्याला गिऱ्हाईक हवं होतं. म्हणजे तेव्हाही घराकडे कारखान्यातून उरलेलंच येत होतं.

मग दुसरं महायुद्ध. पेट्रोलची टंचाई एवढी की देशभर मोटारी आणि बसगाड्यांना मागे भट्टी बसवून लाकडी कोळशाच्या गॅसवर चालवलं. दगडी कोळशावर नियंत्रण आलं. १९४५ च्या कोलिअरी कंट्रोल ऑर्डरने भाव आणि वाटप सरकारच्या हाती गेलं. वॅगन कोणाला आधी मिळणार, याच्या रांगा लागल्या. रेल्वे, पोलाद, वीज, गिरण्या हे पुढे. घरची शेगडी शेवटी.

युद्ध १९४५ ला संपलं. ही रांग मात्र संपली नाही.

एकच दुकानदार

१ मे १९७३ ला देशातल्या बहुतेक सगळ्या खासगी कोळसा खाणी सरकारच्या झाल्या. त्या आधी कोकिंग कोळशाच्या खाणी घेतल्याच होत्या. १९७५ मध्ये कोल इंडिया आली आणि आपल्या भागासाठी नागपूरला वेस्टर्न कोलफिल्ड्स. खाणीतल्या मजुराच्या दृष्टीने हे राष्ट्रीयीकरण गरजेचं होतं. खासगी मालकांच्या काळात सुरक्षेचे आणि मजुरीचे जे हाल होते, ते विसरून चालणार नाही.

पण छोट्या विक्रेत्यासाठी अर्थ असा झाला की दुकानदार एकच उरला. त्याच्याकडे माल हवा तर कागद हवा. लिंकेज, कोटा, परवाना हे शब्द याच काळात घरोघरी गेले. ज्याच्याकडे कोट्याचा कागद, त्याचा धंदा. कागद खरा आणि कारखाना बंद, अशीही प्रकरणं देशभर गाजली. कोळसा उगाळावा तितका काळाच, ही म्हण या खात्याला फार चपखल बसली.

१ जानेवारी २००० पासून भाव आणि वाटपावरचं जुनं नियंत्रण उठलं. मग इंटरनेटवरचा लिलाव आला. तो कोर्टात गेला. तो खटला बिनधुराचा कोळसा बनवणाऱ्या एका उद्योगाच्या नावाने ओळखला जातो. डिसेंबर २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तेव्हाची लिलावाची पद्धत रद्द ठरवली. ऑक्टोबर २००७ मध्ये नवं कोळसा वाटप धोरण आलं. वर्षाला ४,२०० टनांपेक्षा कमी कोळसा लागणाऱ्या छोट्या उद्योगांना राज्याने नेमलेल्या संस्थांमार्फत माल देण्याची सोय त्यात झाली. पुढे ही मर्यादा १०,००० टन केली. लिलावही नव्या रूपात परत आला आणि त्यात व्यापाऱ्यालाही बोली लावता येते.

आता यातला "छोटा" शब्द पाहा. धोरणातला छोटा म्हणजे वर्षाला हजारो टनवाला. छोटा हत्तीत साडेसातशे किलोच्या आसपास माल बसतो. अशा छोट्यासाठी त्या धोरणात रकानाच नाही. त्याला व्यापाऱ्याच्या यार्डातूनच घ्यावं लागतं, म्हणजे चौथ्या-पाचव्या हाताने.

गिऱ्हाईक कुठे गेलं?

या काळात शेगडी घरातून निघून गेली. आधी मातीतेलाचा स्टोव्ह आला, रेशनवर तेल मिळू लागलं. मग गॅस. सुरुवातीला नंबर लावून वर्षानुवर्षं वाट पाहायची. गॅस आला की पेढे वाटायचे. १ मे २०१६ ला उज्ज्वला योजना सुरू झाली आणि सिलिंडर खेड्यातही पोचला.

आपल्या गोंदियात आणखी एक स्पर्धक होता, तो इतर शहरांत नव्हता. भुसा. राइस मिलचं गाव. धानाच्या वजनाचा साधारण पाचवा हिस्सा भुसा निघतो. पत्र्याच्या डब्यात मधे दांडा धरून भुसा ठासून भरायचा, दांडा काढला की भोक तयार, खालून पेटवायचं. लाकडाचा भुसा असो की धानाचा, ही शेगडी ज्यांनी वापरली त्यांना कोळशाची गरज नव्हती. उसना तांदूळ करणाऱ्या मिलांचे बॉयलरही याच भुशावर चालतात. म्हणजे मिलवालाही आपल्याकडे कोळशाचं पक्कं गिऱ्हाईक नाही.

टाल हळूहळू बंद झाल्या. कुठे हार्डवेअरचं दुकान झालं, कुठे मोबाइलचं. लाकडाची गरज उरली ती मुख्यतः अंत्यसंस्काराला आणि लग्नाच्या आचाऱ्याला. त्यासाठी वन विभागाच्या डेपोतले जळाऊ बिट आहेत.

आणि मग आला तिरोड्याचा वीज प्रकल्प. पहिला संच २०१२ ला, पुढच्या दोन वर्षांत पाचही. ६६० मेगावॅटचे पाच, एकूण ३,३०० मेगावॅट. मी ढोबळ हिशेब केला. पूर्ण क्षमतेने चालला तर दिवसाला पन्नास हजार टनांच्या आसपास कोळसा. एका मालगाडीत जवळपास चार हजार टन. म्हणजे रोज बारा-तेरा गाड्या. शंभर वर्षांत शहरातल्या सगळ्या टालींनी मिळून जेवढा विकला नसेल, तेवढा इथे किती दिवसांत जळत असेल, विचार करा.

पोराच्या वहीतला हिशेब

आता इतिहास बाजूला ठेवून वही उघडू.

घरगुती सिलिंडरमध्ये १४.२ किलो गॅस असतो. गॅसची उष्णता किलोला साधारण ११,००० किलोकॅलरी आणि बर्नर त्यातली साठ टक्के तरी भांड्याला देतो. आपल्या भागातला मध्यम कोळसा ४,५०० च्या आसपास धरा आणि साधी शेगडी त्यातली वीस टक्के दिली तर खूप. गुणाकार करा. एका सिलिंडरचं काम करायला शंभर किलोच्या वर कोळसा लागतो. वर तीसेक किलो राख, ती फेकायची कोणी?

सिलिंडर नऊशेचा धरला तर कोळसा घरपोच नऊ रुपये किलोच्या आत हवा. उज्ज्वलाच्या घराला सिलिंडरमागे ३०० रुपये अनुदान मिळतं. म्हणजे त्या घरासाठी सहाच्या आत. आता गाडी. गोंदिया-नागपूर जाऊन-येऊन सव्वातीनशे किलोमीटरच्या वर. पंधराचा ॲव्हरेज धरला तर बावीस लिटर डिझेल, दोन हजार रुपये. माल साडेसातशे किलो. म्हणजे नुसत्या डिझेलचे किलोला पावणेतीन रुपये. त्यावर गाडीचा हप्ता, भराई, चुंगडी, चुरीची घट. २२ सप्टेंबर २०२५ पासून कोळशावरचा टनाला ४०० रुपयांचा उपकर गेला, पण जीएसटी ५ वरून १८ टक्के झाला. हे सगळं लावून पाहा, सहाच्या आत काय उरतं.

यापेक्षा मोठी अडचण आकड्याची नाही, माणसाची आहे. ज्याच्याकडे सिलिंडरला पैसे नाहीत, त्याला लाकूड बांधावरून आणि जंगलातून फुकट मिळतं. तो कोळसा विकत घेणार नाही. ज्याच्याकडे पैसे आहेत, त्याला धूर नको. या दोघांच्या मधे जो उभा राहायचा, तोच टालीचा गिऱ्हाईक होता. तो आता गॅसवाला झाला.

राहिली थंडीची शेगडी. ती वर्षात दोन महिने, आणि त्यातही रस्त्यावरची शेकोटी लाकडाच्या ढपल्यांवर फुकटात होते.

एक गोष्ट, हात जोडून

आमच्या लहानपणी गल्लीत एका घरी डिसेंबरात रात्री शेगडी आत घेऊन दारं-खिडक्या लावून म्हातारा-म्हातारी झोपले. सकाळी दार उघडेना. शेजाऱ्यांनी कडी तोडली. म्हातारी वाचली, म्हातारा गेला. तेव्हा लोक म्हणाले, थंडीने गेला.

थंडीने नाही. कोळसा कोंडलेल्या हवेत जळला की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेपटीहून जास्त घट्ट चिकटतो. डोकं जड होतं, झोप लागते, आणि तीच शेवटची ठरते. निखारे लाल झाले, धूर थांबला, म्हणजे धोका संपला असं नाही. हा वायू लाल निखाऱ्यातूनच निघतो. आजीचा नियम अर्धाच बरोबर होता.

घर तापवायला कोळसा विकणारा माणूस ही जबाबदारीही विकत घेतो. इंग्लंडने ती फार महाग किमतीला शिकली. तिकडे घरोघरी पोत्यातून कोळसा टाकणारा व्यापारी ही गल्लीची ओळख होती. डिसेंबर १९५२ मध्ये लंडनवर पाच दिवस धुराचं धुकं बसलं. हजारो माणसं गेली, तेव्हाचाच अंदाज चार हजारांचा होता. १९५६ ला स्वच्छ हवेचा कायदा आला. आणि १ मे २०२३ पासून इंग्लंडमध्ये घरगुती वापरासाठी साधा दगडी कोळसा विकणंच बंद झालं. ज्या देशाने कोळशावर जग चालवलं, तिथेच हा धंदा कायद्याने संपला. इकडे मुंबईतही उच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये बेकऱ्या आणि तंदूरवाल्यांना लाकूड-कोळसा सोडायला सहा महिने दिले. हे वारं गोंदियाच्या धाब्यापर्यंत उद्या पोचेल की दहा वर्षांनी, सांगता येत नाही. पण कर्जाचा हप्ता पाच वर्षांचा आहे.

मग काय करावं?

मी धंद्याचा सल्लागार नाही. इतक्या वर्षांच्या गोष्टीतून मला एक दिसलं, ते सांगतो.

आपल्याकडे कोळशाच्या छोट्या धंद्यात कोळशावर कोणी कमावलं नाही. टोपलीवाली बाई, बंडीवाला, टालीचा हमाल, मालक, सगळ्यांनी विकली ती वाहतूक. माल दुसऱ्याचा, भाव दुसऱ्याचा, कायदा दिल्लीचा, वॅगन रेल्वेची. यातलं काहीही वर बदललं की खालचा माणूस उपाशी. १९४५, १९७३, २०००, २००६, प्रत्येक वेळी हेच झालं. टिकला तो, ज्याची गाडी कोळसा नसला तर दुसरं काही वाहू शकत होती.

म्हणून पोरा, गाडी घ्यायची असेल तर गाडीचा हिशेब वेगळा मांड. कोळसा त्यात नसला तरी हप्ता निघतो का ते पाहा. वीस-पंचवीस किलोमीटरच्या आत काय हलतं? धान, तांदूळ, भुसा, विटा, भाजी, किराणा. इंधनातच राहायचं असेल तर भुसा आणि काडीकचऱ्याच्या दाबलेल्या ब्रिकेटकडे बघ. बाजारात तिला पांढरा कोळसा म्हणतात. सुटा भुसा गाडीभर घेतला तरी वजन भरत नाही, सगळं भाडं हवेला जातं. दाबला की तोच माल भाड्याला परवडतो. ऑक्टोबर २०२१ च्या धोरणाने औष्णिक वीज केंद्रांना कोळशात ५ टक्के असं जैवइंधन मिसळायला सांगितलंय. भुसा इथला, मिल इथली, केंद्रही इथलं. यात पैसा नक्की आहे असं मी म्हणत नाही. पण कच्चा माल तरी तुझ्या गावात आहे. आधी दोन-चार मिलवाल्यांना आणि बॉयलरवाल्यांना भेट, कोणाला किती लागतो ते लिहून घे, मग फायनान्सवाल्याकडे जा.

आणि काही झालं तरी बिल, काट्याची पावती, ई-वे बिल, आणि लाकडी कोळसा असेल तर टीपी, हे कागद गाडीत पाहिजेत. या धंद्यात बदनामी आधी येते, पैसा नंतर.

हे सगळं मी त्याला फोनवर सांगितलं. थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "भाऊ, पाटल्या अजून घरीच हायेत. पहिले मिलवाल्यांकडे जाऊन येतो." वाईट वाटलं असेल त्याला, आवाजावरून कळलं. पण वही फेकली नाही, हे बरं.

तुमच्यापैकी कोणाच्या घरची टाल होती का? कोणाच्या आईने, आजीने लाइनवरून कोळसा वेचलाय का? लाज वाटू देऊ नका, त्याच कष्टावर हे शहर शिकलंय. आठवणी लिहा, जमल्या तर पुढच्या वेळी त्यांचीच पोस्ट करतो.

आणि थंडी वाढतेय. शेगडी पेटवा, पण बंद खोलीत घेऊन झोपू नका. घरातल्या म्हाताऱ्यांना आजच सांगा.